पालथी बाटली

आमच्या दुकानावर पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं. निळ्या पत्र्यावर नुसती एक पाणबुडी मोटर काढलेली. पेंटर नाव विचारायला आला तेव्हा मालक म्हणाले, "नाव बेड. नाव वाचून कुणीबी आत येतंय आन् वेळ खातंय. ज्याची मोटर जळलीय त्याला चित्र बरोबर दिसतंय." बेड म्हणजे नको. मालकांचं घर कानडी बोलणारं, त्यामुळं नाही म्हणायचं झालं की ते कानडीत यायचं. तर मीही इथं त्यांचं नाव घालत नाही.

दुकान लोहाऱ्यात, बसस्थानकाच्या अंगाला. मी तिथं मिस्त्री. बोअरवर तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, मोटर वर ओढायची, दुरुस्त करून परत खाली सोडायची, हेच जन्मभर केलं. शाळा फार झाली नाही. बिल वाचता येतं आणि मनातलं लिहिता येतं, तेवढीच. आधी आमचं कुटुंब, म्हणजे बायको गेली, मग मालक गेले. आता घरात मी आणि म्हैस. तालुक्यात लोक मालकांना येडं म्हणतात. येडे होतेच ते. पण कशापायी होते ते सांगणारा मीच उरलोय, म्हणून लिहायला बसलो.

मालक पाणी चाखायचे. नव्या बोअरवर मोटर सोडली की आधी गढूळ पाणी वाहू द्यायचे, मग ओंजळ धरायचे, पाणी तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि बराच वेळ काही बोलायचेच नाहीत. शेतकरी जीव मुठीत धरून त्यांच्या तोंडाकडं बघत उभा. मग थुंकून निकाल द्यायचे. "खारट हाय. मोटरीला पांढरा थर धरंल." नाहीतर, "गोड हाय, पण पोटात वाळू हाय." दरवेळी खरं ठरायचं असं नाही. माकणीच्या एकाचं पाणी चाखून "नुसतं शहाळं हाय" म्हणाले आणि त्याची मोटर पावसाळ्याच्या आत वाळू खाऊन अडकली. तो तावातावानं भांडायला आला. मालकांनी त्याच्याच पाण्याची बाटली फळीवरून काढली, तळाला बसलेली वाळू दाखवली आणि म्हणाले, "जीभ बरोबर होती. डोळा चुकला." यावर माणूस काय भांडणार. चहा पिऊन गेला.

ही बाटली दारूच्या क्वार्टरची. आमच्या दुकानाची एक आख्खी भिंत तसल्या बाटल्यांनी भरलेली होती. ज्या बोअरवर आमची मोटर, त्या बोअरचं पाणी एका बाटलीत. गळ्याला केबलच्या तारेचा तुकडा बांधलेला. माकणीकडच्या गावांना लाल, उमरग्याकडं पिवळा, उरलेल्यांना निळा. वर चिठ्ठीवर माणसाचं नाव नसायचं, बोअरचं असायचं. चिंचेखालचा. थोरल्याचा. मसोबाजवळचा. मालकांचं म्हणणं, माणूस शेत विकतो, भावाशी वाटणी करतो, पुण्याला जातो. बोअर कुठं जात नाही. गिऱ्हाईक म्हणजे बोअर.

रिकाम्या बाटल्या ते स्वतः वेचून आणायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही असा माणूस सकाळी पिशवी घेऊन परमिट रूमच्या मागं. नवीन बदलून आलेल्या तलाठ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमचे मालक इतकी पितात, मग उभे कसे राहतात?" मी म्हणालो, "पाण्यावर."

आमच्या बोअरवर मोटर सोडली त्या दिवशीही ते आले होते. आमचं कुटुंब पदर खोचून बाटली धरून उभं. मालक डोळे मिटून पाणी घोळवतायत, घोळवतायत. ही म्हणाली, "अप्पा, पाणी चाखताय का पोरगी बघताय?"

मालकांनी डोळे न उघडता पाणी थुंकलं. "पोरगी बघायची असती अक्का, तर आधी पोहे मागितले असते."

"मंग कशी हाय?"

"गोड हाय. जरा रागीट हाय."

"मंग ती यांच्यावर गेली," माझ्याकडं हात करून ही म्हणाली. बाटली हिनंच भरली, हिनंच बूच लावलं.

आता पालथ्या बाटलीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

फार मागं मालकांनी एका घरी फोन केला होता, मोटर तयार हाय, घेऊन जावा म्हणून. तिकडं एका लेकीनं उचलला आणि तिला बोलताच येईना. म्हातारा अजून अंगणात होता, तिरडी बांधायची चालली होती, आणि त्यात आमच्या दुकानाचा फोन. मालक त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या घरची बाटली फळीवर पालथी करून ठेवली आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, ज्या घरात माणूस गेलं त्या घरची बाटली पालथी. पालथ्या बाटलीला फोन नाही, निरोप नाही, दारात जीप नाही. मोटर तयार असली तर पोत्याखाली झाकून ठेवायची. त्यांचं पाणी अडलं तर ते येतील. आपण जायचं नाही.

मी विचारलं, "किती दिवस? तेरा?"

"आपण कोण दिवस मोजणार," मालक म्हणाले. "घरचं माणूस स्वतःच्या पायानं दुकानात यील आन् सरळ करा म्हणंल, तवा सरळ."

कुणी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यायचं, कुणी खरिपाची रास झाल्यावर. एक म्हातारी तर ज्वारी काढून झाल्यावर आली, फळीकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "करा बाबा सरळ. किती दिवस त्याला उलटं टांगून ठिवताव." मालकांनी दोन्ही हातांनी बाटली सरळ केली. नवस फेडल्यासारखी.

असं आमचं चाललं होतं. आणि मग मोटरींच्या कंपनीचा माणूस आला.

पांढरी गाडी, गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो. बोलायला चांगला होता. म्हणाला, "काका, आता सगळ्या दुकानांना ग्राहक सांभाळायचं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल. कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण ते आमच्या गॅरंटीच्या वेबसाइटला जोडता आलं पाहिजे, आणि ग्राहकाला वेळच्या वेळी फोन गेला पाहिजे. दिवाळीपर्यंत."

"आन् न्हाय घेतलं तर?"

"तर एजन्सी उमरग्याच्या नव्या दुकानाला जाईल. माझ्या हातात नाही." मग भिंतीकडं बघून म्हणाला, "तुमचे ग्राहक सगळे तुमच्या डोक्यात आहेत काका. उद्या तुम्ही नसलात तर?"

"तर डोकं बी नसंल," मालक म्हणाले. पण त्यांचा हात सदऱ्यावरून गळ्यातल्या लिंगाकडं गेला होता. भीती वाटली की हात तिथं जायचा. त्या दिवसापासून तो हात खाली आलेला मी फारसा बघितला नाही.

एजन्सी गेली तर दुकान गेलं. दुकानावर मी, जीपचा ड्रायव्हर, वायंडिंगवाला आणि हिशेबाच्या बाई, एवढी घरं होती. मालकांना मूलबाळ नव्हतं, मालकीणबाई कधीच्याच गेलेल्या. त्यांना पोटाची काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती. मला म्हणाले, "मिस्त्री, चुकीचं घेतलं तर ते मशीन माझ्या नावानं कुणाच्या दारात जाईल, मला कळणार बी न्हाय. न्हाय घेतलं तर दुकानच न्हाय. कुठली विहीर निवडू?"

हिशेबाच्या बाईंची काळजी आणखी निराळी. त्यांच्याकडं जुना कॉम्प्युटर आणि त्यात बिलाचा जुना प्रोग्राम. कॉम्प्युटर दुकानात आला त्या दिवसापासून त्यांनी त्याच्यावर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं. सकाळी आल्या की आधी त्याला हळदीकुंकू. त्यांनी जाहीर करून टाकलं, "काय बी आणा. माझ्या प्रोग्रामला हात लावायचा न्हाय."

त्या प्रोग्रामची एक खोड होती. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय तो बिल पुढं जाऊ द्यायचा नाही. आता आमची निम्मी गिऱ्हाइकं फोन न वापरणारी, नाहीतर दर सुगीला नंबर बदलणारी. बाईंनी विचारलं की म्हणायची, "मिस्त्रीचा टाका की. तेच तर येत्यात." बाई टाकायच्या. कुणाला त्यात काही वाटलं नाही, मलाही नाही.

दिवाळी जवळ येत चालली तशी माणसं सॉफ्टवेअर दाखवायला यायला लागली. मालक प्रत्येकाला चहा पाजायचे, सगळं मुकाट ऐकायचे, मग उठून फळीवरची एक बाटली आणून टेबलावर ठेवायचे. "हे ह्याच्यात कुठं ठिवायचं?" आणि जाताना दारात गाठून, "आन् हे बंद पडलं तर?" मोटरीच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही.

लातूरहून आलेल्या माणसानं भिंतीवर रंगीत चित्रं पाडली. फार झकास दिसत होती. शेवटी म्हणाला, जुना बिलाचा प्रोग्राम काढून टाकावा लागेल. बाईंचं टाइप करणं थांबलं. मालक म्हणाले, "म्हंजी सून आणायची तर सासू घराबाहेर." तो म्हणाला, "तसं नाही काका, सगळं एकाच ठिकाणी येईल." मालक म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे. त्याचा चहा अर्धाच राहिला.

दुसरा उमरग्याचा, मोबाइलवर चालणारं घेऊन आला. स्वस्त आणि सुटसुटीत. पण त्यात एका नंबरावर एकच गिऱ्हाईक बसायचं. मालक त्याला समजावत बसले, "पाच भाऊ, एक बोअर, एक फोन. आन् तो फोन थोरल्याच्या सुनंकडं. कसं बसवणार?" तो म्हणाला, "बाकीच्या चौघांना फोन घ्यायला सांगा." मालक बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता याला चाखतात की काय.

तिसरी सोलापूरची पोरगी. एसटीनं आली, डब्यात चपाती-भाजी घेऊन. तिनं काही दाखवलंच नाही. बाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि दिवसभर नुसती बघत राहिली, आम्ही काय करतो ते. मालकांनी बाटली आणून ठेवली तेव्हा म्हणाली, "पाणी नाही ठेवता येणार काका. पण ही बाटली बघून तुम्हाला काय काय कळतं ते सांगा, ते ठेवते. फोटोही ठेवते."

मालक बसले. सांगत सुटले. खारं कुठलं, वाळू कुठली, कुणाची पाण्याची पाळी कुठल्या दिवशी, कुठल्या दोन भावांचं बोलणं बंद आहे. पोरगी लिहून घेत होती. बाईंचा प्रोग्राम आहे तसाच राहील, म्हणाली. नवं सॉफ्टवेअर त्याच्यातली नावं आणि नंबर वाचून घेईल आणि कंपनीकडं पोचवील. एका नंबरावर कितीही गिऱ्हाइकं बसतील, तशी सोय तिनं मालकांच्या सांगण्यावरून मुद्दाम केली.

"आन् पालथी?" मालकांनी विचारलं.

तिला सगळं समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तेही करू. त्याला थोडा वेळ लागेल. आधी एकदा चाचणी घेऊ, म्हणजे कंपनीला दाखवता येईल. तुम्ही सांगाल त्यांनाच फोन जातील."

तेवढ्यावर मालकांनी होकार दिला. पण त्या दिवसापासून त्यांचं खाणं कमी झालं. बाटल्या पुसत बसायचे, पुसलेल्या परत पुसायचे.

इकडं माझ्या घरी दुसरंच सुरू झालं होतं. कुटुंबाच्या पोटात दुखायचं. ती अंगावर काढत राहिली, मग काढण्यासारखं राहिलं नाही. आमचा पोरगा बाहेरगावी असतो, त्यानं येऊन तिला सोलापूरला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन ठरलं. रात्री एकच माणूस जवळ राहू देतात, म्हणून मी म्हशीचं बघायला आणि गोधडी घेऊन यायला घरी आलो होतो. ऑपरेशनला मधे अजून एक दिवस होता. पोरगा म्हणाला होता, "फोन हातातच ठिवा. काय झालं तर मी लावतो."

काय झालं तर. त्या शब्दांनी माणूस झोपत नाही. सकाळी मी गोठ्यासमोर दगडावर बसलो होतो, फोन मांडीवर. आणि फोन वाजला. छातीत धस्स झालं. उचलला.

"नमस्कार, गुंडप्पाजी. आपल्या पाणबुडी मोटरच्या तपासणीची वेळ झाली आहे."

बाईचा आवाज, गोड, मशीनचा. मला कळेना. गुंडप्पा माझ्या ओळखीचा, पण तो जाऊन वर्ष झालं होतं. पोरानं येऊन बाटलीही सरळ केली होती. मी फोन ठेवला. ठेवेपर्यंत परत वाजला.

"नमस्कार, तानाबाईजी."

परत वाजला. मसोबाजवळचा आला, चिंचेखालचा आला. सगळा तालुका माझ्या फोनमधून यायला लागला. ज्यांच्या बिलावर माझा नंबर होता त्या एकेकाचं नाव घेऊन ते मशीन मला नमस्कार करत होतं. फोन बंद करावा तर दवाखान्याचा फोन यायचा. चालू ठेवावा तर दवाखान्याच्या फोनला वाट कुठं. न उचलावा तर न जाणो, हाच पोराचा असला तर. म्हणून मी प्रत्येक उचलत होतो. प्रत्येक वेळी धस्स होत होतं, आणि प्रत्येक वेळी ती बाई शांतपणानं मोटरीचं विचारत होती. मी एकदा तिला म्हणालोही, "बाई, जरा थांब गं, आमचं माणूस दवाखान्यात हाय." ती म्हणाली, तपासणीसाठी एक दाबा.

मी दगडावरून उठलो नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लांबून मालकांच्या जुन्या मोपेडचा आवाज आला.

हा माणूस हंगामात नव्या बोअरशिवाय खुर्ची सोडत नसे. मोपेड आडवी टाकून, चपला हातात घेऊन ते बांधावरून पळत आले. धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या हातात फोन वाजतच होता.

"मिस्त्री, आधी ऐका. अक्का बऱ्या हायत. डाक्टरनं उद्याचं ऑपरेशन आजच घेतलंय. पोरगा तुम्हाला लावून लावून थकला, तुमचा फोन लागंना. मग त्यानं दुकानावर लावला. अक्का माझ्याशी बोलल्या. आत न्यायच्या आधी."

मालकांनी डोळे मिटले. पाणी चाखताना मिटायचे तसे. आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगायला लागले. एक शब्द सांडू नये अशा बेतानं.

"त्यांना म्हणावं, टोपल्यातली भाकरी शिळी हाय, ती म्हशीला टाका, तुमी खाऊ नका. म्हशीला उन्हात बांधू नका. गोधडी पेटीत तळाला हाय. दवाखान्यातलं पाणी मचूळ हाय, तोंडात धरवत न्हाय, येताना आपल्या बोअरचं घेऊन या. आन् तुमी रडत बसू नका, रागावलेले बरे दिसता." मग डोळे उघडले. "येवढंच. मी दोनदा विचारलं, अजून काय सांगू का. म्हणाल्या, येवढंच."

फोन परत वाजला. मालकांनी माझ्या हातातून तो घेतला, नाव ऐकलं आणि त्यांचं तोंड उतरलं. तिथंच खाली बसले. मग त्यांनी सांगितलं तिकडं काय झालं ते. सकाळपासून ते स्वतः फळीपाशी उभे राहून सरळ बाटल्यांची नावं एकेक करून सांगत होते, पोरगी घेत होती. एकाही पालथ्या घरी फोन जाणार नाही म्हणून खुशीत होते. नंबर एकच दिसतोय, पोरगी एकदा म्हणाली, तर बाई म्हणाल्या, भावाभावांचा असंल. पोराचा फोन आला तेव्हा सगळ्यांना उलगडा झाला. मालकांनी धावत जाऊन दुकानाचा मेन स्विच पाडला. दिवे गेले, पंखा थांबला, कॉम्प्युटर गेला. आणि फोन चालूच. ते मशीन दुकानात नव्हतंच. कुठं लांब होतं. पोरगी आपल्या मोबाइलवरून ते थांबवायच्या खटपटीला लागली होती, तेवढ्यात मालक निघाले.

"बंद पडलं तर, हे समद्यांला विचारलं," मालक म्हणाले. "बंद पडलंच न्हाय तर, हे विचारायचं राहिलं."

तेवढ्यात फोन थांबला. एवढी शांतता झाली की म्हैस रवंथ करताना ऐकू यायला लागली.

मालकांनी सदऱ्याच्या खिशातून रिकामी क्वार्टर काढली. त्यांच्या खिशात ती नेहमी असायची. मी मोटर चालू केली. त्यांनी ओंजळ धरली, चाखलं, मान हलवली आणि बाटली भरून माझ्या हातात दिली. मोपेडवर मागं बसवून फाट्यावर नेलं आणि सोलापूरच्या बसमध्ये चढवून दिलं. बस सुटेपर्यंत खिडकीला हात लावून उभे होते.

मी पोचलो तेव्हा तिला बाहेर आणलं होतं. पाणी द्यायचं नाही, सिस्टर म्हणाली. कापसाचा बोळा दिला. मी आपल्या बोअरच्या पाण्यात भिजवून तिच्या ओठावर फिरवला. तिनं डोळे अर्धे उघडले.

"अप्पानं चाखलं का?"

"व्हय."

"काय म्हणले?"

"जरा रागीट हाय म्हणले."

ती हसली असं मी धरून चालतो. दोन-तीन दिवसांनी ती गेली. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तेराव्याला मालक आले, हिशेबाच्या बाई आल्या, आणि त्यांच्यामागं ती सोलापूरची पोरगीही आली. दारातच उभी राहिली. मी म्हणालो, "आत ये गं. तुझा काय दोष." ती आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि बाईंनी तिला पाणी दिलं.

मालक म्हणाले, "मी ठरवलंय. सॉफ्टवेअर बेड. एजन्सी गेली तर जाऊ दे."

मला राग आला. कुटुंब गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी आलं, तर राग आला. मी म्हणालो, "आन् आमी कुठं जायचं? वायंडिंगवाला कुठं जाईल? मालक, मशीन चुकलं न्हाय. त्याला जे नंबर दिले ते त्यानं लावले. नंबर आपण दिले. सॉफ्टवेअर घ्या. पण आधी त्यात पालथी बाटली घालायला सांगा."

मग पोरगी हळूच म्हणाली, "काका, ते मी केलंय. नावापुढं पालथी अशी खूण येते. ती असली की फोन जात नाही. फक्त एक अडचण आहे. कधीपर्यंत, ती तारीख टाकावी लागते."

"तारीख न्हाय," मालक म्हणाले.

"सॉफ्टवेअरला काहीतरी शेवट लागतो काका."

"मंग त्याला सांगा, माणूस स्वतः दुकानात यील आन् सरळ करा म्हणंल तवा. मशीन थांबतंय का न्हाय थांबत, बघा. थांबत नसंल तर बेड."

पोरीनं जरा विचार केला. "थांबवते," म्हणाली.

मग बाईंच्या शेजारी बसून तिनं माझा नंबर एकेका बिलावरून काढला. ज्यांचा नंबरच नाही त्यांना फोन नाही. त्यांच्याकडं जीप जाईल, असं ठरलं. दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा माणूस आला, बघून गेला. एजन्सी राहिली. मालकांनी त्याला चहा पाजला आणि दारात गाठून विचारलं, "आन् हे बंद पडलंच न्हाय तर?" त्याला काही कळलं नाही. तो हसून गाडीत बसला.

ती गेल्याचं दुकानात कळलं तेव्हाच, मी दवाखान्यातून यायच्या आत, माझी बाटली पालथी झाली होती. सोलापूरहून उरलेलं पाणी मी तसंच परत आणलं होतं, ते तेराव्यालाच, घरी आलेल्या मालकांच्या हवाली केलं. त्यांनी जुनी बाटली काढून तिच्या जागी ती नवी ठेवली, पालथी. मला काही विचारलं नाही. त्यानंतर मी कामाला गेलोच नाही.

गेल्या हिवाळ्यात मालक गेले. खुर्चीतच. मला निरोप आला तेव्हा मी दुकानात गेलो, तेवढाच एकदा. दुकानाच्या मागं त्यांचा स्वतःचा एक बोअर आहे, त्याचीही बाटली फळीवर होती, पहिल्या खणात. ती मी पालथी केली, माझी तशीच राहू दिली. बाईंनी कॉम्प्युटरवर खूण केली.

आता खुर्चीवर त्यांचा भाचा बसतो. बरा आहे. भिंत अजून काढली नाही. ते मशीन सगळ्या तालुक्याला फोन करतं, मोटरीचं विचारतं. मला करत नाही. माझी मोटर हल्ली घरघर करते, पण कुणी विचारत नाही, आणि माझा फोन दिवसदिवस गप्प असतो. वाजला तर मला अजूनही धस्स होतं, म्हणून बरंच आहे.

परवा बाजारात बाई भेटल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "मिस्त्री, मालकांना पोरंबाळं न्हाईत. त्यांची बाटली कुणी सरळ करायची? भाच्याला विचारलं, तर तो म्हणतो, मिस्त्री येऊन सांगतील तवा." माझ्या बाटलीचं त्या काही बोलल्या नाहीत.

बाजारातून बसकडं जाताना दुकान लागतं. निळ्या पत्र्यावरची मोटर ऊन खाऊन फिक्कट पडलीय. दारात पायरी आहे. आत गेलो तर दोन्ही सरळ कराव्या लागतील. पायरीपाशी थोडा थांबतो, आणि बस पकडतो.